बिनबोलावण्याचं जेवण

आमच्या वरच्या मजल्यावर एक अमेरिकन राहायचा असं सांगितलं की लोकांचे डोळे मोठे होतात. कुणाला वाटतं, आम्ही दोन वर्षं पिझ्झा खाऊन काढली. कुणी हळूच विचारतं, मुलाच्या व्हिसाचं काही जमवलं का हो त्याने. अहो, कसला व्हिसा आणि कसलं काय. तो माणूस अमेरिकन होता तो पासपोर्टापुरता. अमेरिकेबद्दल त्याच्या तोंडून मी दोनच गोष्टी ऐकल्या. एक, तिकडे मका फार होतो. दुसरी, तिकडे कुणी कुणाच्या घरी जात नाही. बाकी उठता-बसता सर्बिया. "आमच्याकडे असं करतात" म्हणायचा तेव्हा आमच्याकडे म्हणजे सर्बियात, हे कळायलासुद्धा मला बरेच दिवस लागले.

तरुणपणी मशिनांच्या कुठल्याशा कंपनीतर्फे तो सर्बियात गेला, तिथलीच बायको केली आणि तिथलाच झाला. मूलबाळ नाही. बायको आजारी पडून गेली. त्यानंतर आमच्या रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या एका कारखान्याने बाहेरून मशिनं मागवली आणि ती चालवायला शिकवण्यासाठी ह्याला आणलं. कंपनीने चांगल्या हॉटेलात ठेवलं होतं, पण हा पठ्ठ्या तिथे रमेना. म्हणाला, मला घर पाहिजे, आणि खाली माणसं राहत असलेलंच पाहिजे. म्हणून एजंट त्याला आमच्याकडे घेऊन आला.

घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि सासूबाई. मुलगा शिकायला बाहेरगावी, आणि आमचे हे लांज्याला नोकरीला, ते रात्रीच उगवायचे. उन्हातून माणूस आलाय म्हणून मी नेहमीप्रमाणे वाटीत गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. तो वाटीकडे बघतच राहिला. मला वाटलं, ह्याला मधुमेह असणार. तर डोळे पुसून म्हणतो, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

घ्या. गूळ-पाणी द्यायला कोकणात कुणी शिकवावं लागतं होय?

मग त्याने सांगितलं. सर्बियात पाहुणा आला की आधी चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी. कोण, कुठला, कशाला आलास, हे सगळं त्यानंतर. पहिल्यांदा बायकोच्या घरी गेला तेव्हा तिच्या आईने असंच पुढे ठेवलं होतं. एवढं सांगितलं, गूळ खाल्ला आणि वरच्या खोल्या न बघताच राहायला येतो म्हणाला. एजंट बिचारा किल्ल्या हातात धरून उभा.

उंच, जरा वाकलेला, पांढऱ्या मिशा. आमच्या आळीत त्याला नावाने कुणीच हाक मारली नाही. तोंडावरही सगळे "अमेरिकन" म्हणायचे आणि तोही निमूट ओ द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात माझं आणि त्याचं वाजलं ते खिडक्यांवरून. एप्रिल महिना. आमच्या एप्रिलात अंगाला कापड चिकटतं. मी वर गेले तर खोलीची नुसती भट्टी झालेली, आणि समुद्राकडची खिडकी गच्च बंद. कारण काय, तर समोरची खिडकी उघडी आहे. दोन्ही उघड्या ठेवल्या तर वारा आरपार जातो, आणि असा वारा अंगावरून गेला की मान धरते, दात दुखतात, मूत्रपिंडं बिघडतात.

"अहो, हे कोकण आहे," मी म्हटलं. "इथे वारा आरपार जावा म्हणूनच समोरासमोर खिडक्या काढतात."

"तसं चालत नाही," तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोट वर करून, अगदी शांतपणे म्हणायचा. तिकडे गेला तेव्हा सुरुवातीला तोसुद्धा ह्या वाऱ्याच्या भीतीला हसला होता म्हणे. मग एकदा मान धरली आणि सासूने वर चार शब्द सुनावले. तेव्हापासून हसणं बंद.

मी खाली येऊन तणतणले. आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, आणि भर उन्हाळ्यात पंखा लावला की कानाला टॉवेल गुंडाळून बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, "शहाणा आहे हो तो. तुम्हा सगळ्यांपेक्षा शहाणा आहे." झालं. त्या दिवसापासून दोघांचा एक पक्ष झाला आणि मी विरोधात. सासूबाईंना जिना चढवत नव्हता म्हणून संध्याकाळी तोच खाली यायचा. एवढ्याशा कपात काळी, गाळासकट कॉफी घेऊन यायचा. पहिल्या दिवशी सासूबाईंनी कॉफी पिऊन खालचा गाळही चमच्याने खरवडून खाल्ला. वाया कशाला घालवायचं, म्हणाल्या.

मराठी तो मासळीबाजारात शिकला, त्यामुळे ती व्हायची तशीच झाली. औषधाच्या दुकानातल्या मुलीला रक्तदाबाच्या गोळ्या दाखवून त्याने विचारलं, "काय गो, ताजी हाय काय?" ती मुलगी अजून सांगते आणि हसते.

त्याच्या दाराशी सपातांची रांग मांडलेली असायची. आपल्याकडे बाहेर चपला काढल्या की माणूस मोकळा. त्याच्याकडे बाहेर चपला काढायच्या आणि आत दुसऱ्या घालायच्या, कारण उघड्या पायांनी थंडी चढते. रत्नागिरीत, थंडी! एकदा सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन, पायात गुलाबी फुलांच्या सपाता घालून त्याच्या स्वयंपाकघरात चाललेला मी डोळ्यांनी बघितलाय. तो मला म्हणाला, "काय करू वहिनी, आत सोडीनाच."

पाऊस सरला तसा त्याने मिरच्यांचा घाट घातला. सर्बियात म्हणे थंडीच्या तोंडावर घरोघरी लाल मिरच्या भाजून, सोलून, घोटून वर्षाची बेगमी करतात. आपण पावसाच्या आधी मसाला करतो तसंच. त्याने भाजीवाल्याकडून कोल्हापूरहून पोतंभर लाल ढोबळ्या मिरच्या मागवल्या, परसात चार चिरे मांडून चूल पेटवली आणि आळीत सगळ्यांना सांगत सुटला, आज मी मिरच्या भाजतोय. लोकांनी पटापट खिडक्या लावल्या, बायकांनी नाकाला पदर लावले. खकाणा काही उठेना. गोडसर वास मात्र सुटला. मग एकेक दार उघडलं, एकेक बाई परसात आली, आणि दुपारपर्यंत आम्ही सात-आठ जणी बोटं काळी करून सालं काढत बसलो होतो. गप्पा तर काय विचारू नका. तो उलथनं घेऊन दिवसभर घोटत होता. तयार झाल्यावर सासूबाईंनी भाकरीला लावून चाखलं आणि म्हणाल्या, "बरं आहे. फक्त ह्यात मिरची घालायची राहिली." त्यांच्या वाट्याच्या बाटलीत त्यांनी मागाहून लसणीचं तिखट कालवलं. त्याला सांगितलं नाही, एवढे माझ्यावर उपकार.

आता मुख्य गोष्ट. त्याच्या खोलीत पूर्वेच्या कोपऱ्यात एका दाढीवाल्या म्हाताऱ्या संताची तसबीर होती आणि तिच्यापुढे छोटासा दिवा. सर्बियातल्या प्रत्येक घराण्याचा आपला एक संत असतो, आपल्या कुलदैवतासारखा. वर्षातून एकदा त्याचा दिवस करतात. त्याला म्हणतात स्लावा. ही तसबीर बापाकडून मुलाकडे जाते. ह्याच्या बायकोला भाऊ नव्हता, म्हणून बापाने ती तिला दिली, आणि जाताना तिने ह्याचा हात धरून सांगितलं, तू चालव, बंद पडू देऊ नकोस.

पण तिची थोरली बहीण होती. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. अमेरिकन माणूस, त्यातून आता हिंदुस्थानात जाऊन बसलेला, ह्याच्याकडे स्लावाला कोण कुत्रं येणार, असं तिचं म्हणणं. पाहुण्याचं पाऊल लागलं नाही तर ती स्लावा मेली असं धरतात. तिने ह्याला फोनवर बजावलं होतं, ह्या वर्षी तुझ्याकडे कुणी आलं नाही तर तसबीर मुकाट्याने इकडे पाठव, चुलत घराण्यात देऊ. हे त्याने मला कॉफी पिताना सांगितलं आणि कपात बघत बसला. बायकोची तेवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती. मी म्हटलं, "येतील हो लोक. एवढी आळी आहे, काळजी कशाला करता?"

डिसेंबर लागला, संताचा दिवस जवळ आला, आणि तो भेटेल त्याला सांगायला लागला, "एकोणीस तारखेच्या गुरुवारी मी घरी आहे." मला सांगितलं, औषधवालीला सांगितलं, समोरच्या चाचांना सांगितलं. चाचा आमचे शेजारी, उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलेले. त्यांनी मला विचारलं, "तब्येत बरी नाय काय त्याची? रजा घेतोय म्हणतो." सगळ्यांनी त्याला "बरं, बरं" म्हटलं आणि आपापल्या कामाला लागले.

मी वाट बघत होते की हा रीतसर बोलवायला येईल. येऊन निदान दारात तरी म्हणेल, जेवायला या. छे. बुधवार उजाडला तरी पत्ता नाही. वर मात्र दोन दिवस नुसती धामधूम, भांड्यांचे आवाज, भाजलेल्या सुरमईचा वास. खरं सांगते, मला राग आला. खाली घरमालक राहतात, त्यांना साधं "या" म्हणायला जीभ झिजते काय? आळीतही कुजबूज सुरू झाली होती. आम्ही कोकणातली माणसं. बोलावल्याशिवाय कुणाच्या पानावर बसायचो नाही, आणि बोलावलं नाही तर जन्मात विसरायचो नाही. वर आणखी गंमत म्हणजे त्याचा तो दिवस उपासाचा होता. दूध नाही, अंडी नाहीत, मटण नाही, म्हणून मासे. "मेल्याचा उपास बरा आहे," सासूबाई म्हणाल्या. आमचा मार्गशीर्षातला गुरुवार, आम्हाला माशाचा वाससुद्धा वर्ज्य.

गुरुवारी दुपार कलल्यावर मी वर गेले ती टाकी वाहत होती ते सांगायला. दार सताड उघडं. आत लांबच्या लांब टेबल मांडलेलं, पांढरी चादर, वीसेक माणसांच्या बशा. मधोमध नक्षीचा गोल पाव आणि त्याच्या शेजारी उंच मेणबत्ती, निम्मी जळून गेलेली. आणि दाराशी हा उभा. काळा कोट, टाय, कपाळावरून घाम.

"बसा की," मी म्हटलं.

"आज यजमान बसत नाही. पाहुण्यांचं करतो."

"कोण कोण यायचंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? बोलावलंय कुणाला?"

"स्लावाला बोलावत नाहीत," तो म्हणाला. "मी घरी आहे एवढं सांगायचं. ज्याला यायचं तो येतो."

मी मटकन खुर्चीत बसले. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. सकाळपासून हा माणूस दारात उभा होता. वर हा वाट बघत होता आणि खाली आम्ही सगळे फुगून बसलो होतो. म्हटलं, "अहो, इथे असं नसतं. इथे बोलावल्याशिवाय जेवायला गेलं तर लोक तोंडावर हसतात. थांबा, मी आत्ता जाते आणि आळीभर सांगून येते."

"नाही." त्याने बोट वर केलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. "बोलावून आले तर ती साधी पार्टी झाली. मेहुणी पहिलं तेच विचारणार. मला तिच्याशी खोटं बोलता येणार नाही. तुम्हीसुद्धा सांगू नका, प्लीज."

"मी तर आलेय ना?"

त्याने क्षणभर आशेने बघितलं. "तुम्ही स्लावाला आलात?"

मला खोटं बोलवेना. टाकीचं सांगितलं. तो मान हलवून हसला, गेला आणि नळ बंद करून पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला.

मी तशीच खाली आले. सासूबाई गुरुवारची पूजा आटोपून लुगडं सारखं करत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, ह्याने बोलवायचं नाही आणि आपण बोलावल्याशिवाय जायचं नाही, आता ह्याला इलाज काय? संध्याकाळी तो तिकडे फोन करणार आणि ती बाई तसबीर काढून घेणार.

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तांदळात खडे घातलेत.

"वर देव बसवलाय ना त्याने?"

"हो."

"मग आमंत्रण कसलं मागत बसलीस गो? गणपतीला लोकांकडे जाताना आमंत्रण बघतेस काय? आरतीचा आवाज आला की उठून जातेस ना? जेवायला कशाला, देवाच्या पाया पडायला जायचं. नारळ दे इकडे."

नारळ, उदबत्तीचा पुडा, हळदकुंकवाचा करंडा. हे सगळं पदराखाली घेऊन ती बाई आमचा बाहेरचा जिना चढायला लागली. गुडघे गेल्यापासून तिने त्या जिन्याला पाय लावला नव्हता. एक पायरी चढायची, कठड्याला धरून उभी राहायची, देवाचं नाव घ्यायची, पुढची पायरी. मी मागे हात पसरून, पडली तर झेलावी म्हणून. जिना रस्त्याच्या बाजूला आहे. सगळी आळी बघायला लागली. गुरुवारचं हळदीकुंकू असल्यामुळे बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बाहेर पडलेल्याच होत्या. चाचा फाटकाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "काय आहे वर?"

"देव आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि धापा टाकत पुढची पायरी चढल्या. या म्हणाल्या नाहीत. मीही कुणाला या म्हटलं नाही, कारण त्याने सांगू नका म्हटलं होतं.

त्या दारात पोचल्या तेव्हा तो नुसता बाजूला झाला. सपाता द्यायचं विसरला, हे मी प्रथमच बघितलं. सासूबाई थेट तसबिरीपुढे गेल्या. नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि काचेवर हळदकुंकू वाहिलं. आता हा तसं चालत नाही म्हणतो की काय, अशी मला धास्ती. पण तो हात जोडून मागे उभा राहिला होता. मग त्याने एका वाडग्यातून चमचाभर गोड पुढे केलं. शिजवून वाटलेले गहू, साखर, आणि अक्रोड मिळाले नाहीत म्हणून काजू. ते सगळ्यात आधी खायचं असतं. गुरुवारला चालण्यासारखं होतं. सासूबाईंनी प्रसादासारखं उजव्या हातावर घेतलं, खाल्लं आणि हात डोक्याला पुसला.

जिन्यावर पावलं वाजली. कोपऱ्यावरच्या दोघी आल्या. त्यांच्या मागे औषधवाली मुलगी आईला घेऊन आली. मग आणखी कुणी कुणी. तो प्रत्येकाला दारात अडवून विचारायचा, "तुला कुणी सांगितलं यायला?" एखाद्या सरकारी माणसासारखी चौकशी. बायका गोंधळायच्या. "कुणी नाय. म्हातारी वर चढताना दिसली, म्हटलं देव असेल." मग तो बाजूला होऊन वाट द्यायचा. चाचा सदरा बदलून, बायकोला घेऊन आले आणि तसबिरीपुढे थबकले. "ह्या बाबाला मी ओळखतो," ते म्हणाले. "ग्रीक जहाजांवर कप्तान उभा राहतो तिथे ह्याचीच तसबीर असायची. वादळात सगळी ह्याच्याकडे बघायची. आम्हीपण बघायचो." आम्ही गुरुवारवाल्या गहू खात बसलो आणि चाचांनी सुरमईचा समाचार घेतला. काटे काढत चाचीला म्हणाले, हा माणूस मीठ बरोबर टाकतो.

टेबलावरचा तो नक्षीचा पाव एकट्याने कापायचा नसतो. यजमान आणि पाहुण्यांनी मिळून हातात धरून फिरवायचा आणि मोडायचा. एका बाजूला त्याने धरला, एका बाजूला चाचांनी, आणि मधे सासूबाईंनी. फिरवताना तो काहीतरी पुटपुटत होता. त्यात मला फक्त त्याच्या बायकोचं नाव कळलं.

मग त्याने मेहुणीला फोन लावला. पडद्यावर काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी आली, तोंड असं की दूध नासावं. क्षेमकुशल काही नाही. ती बोलायची, तो मला इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत सांगायचे. त्याने खोलीभर फोन फिरवला. नऊवारी, पाचवारी, चाचांची टोपी, औषधवालीचा ड्रेस. ती बघत राहिली आणि विचारलं, "किती जणांना बोलावलंस?"

"एकालाही नाही."

तिचा विश्वास बसेना. म्हणाली, त्या सगळ्यात मोठ्या बाईला दे. सासूबाईंसमोर फोन धरला. म्हातारीने विचारलं, खरं सांग, तुला ह्याने बोलावलं होतं काय?

"मला कोण बोलावतंय?" सासूबाई म्हणाल्या. "घर माझं. देव माझ्या डोक्यावर बसलाय. मी खाली बसून बोलावण्याची वाट बघू काय? आणि तिला विचार, बोलावणं लागत नाही ना, मग ती का नाही आली? सख्ख्या बहिणीचा देव ना तिच्या?"

हे तो सांगेना. मी दोनदा इंग्रजीत सांगितलं. "सांग रे," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितलं.

पलीकडे त्या बाईचा रुमाल तेवढा हलला. मग ती चार शब्द बोलली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" आम्ही सगळ्यांनी विचारलं.

"म्हणाली, गहू फार बारीक वाटलेस. पुढच्या वर्षी जाड ठेव." त्याने आमच्याकडे बघितलं. "पुढच्या वर्षी, म्हणाली ती." एवढं बोलून तो खुर्चीत बसला आणि तोंड ओंजळीत धरून हमसून हमसून रडला. आम्ही कुणी त्याला गप्प केलं नाही. चाचांनी एक बशी सरळ केली आणि त्याचं पान वाढायला घेतलं.